निवडीचा अधिकार विद्यार्थी संपादकाला द्या : प्राचार्य आणि नियतकालिक समित्यांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांचे प्राचार्य आणि नियतकालिक समित्यांचे सदस्य प्राध्यापक

सप्रेम नमस्कार.

दर फेब्रुवारीत आमच्या छापखान्यात कॉलेजांच्या वार्षिक अंकांची गर्दी होते. मी तिथे प्रुफं तपासतो. आपल्यापैकी काहींच्या अंकांवरून माझं लाल पेन फिरलेलं असेल. आपण मला ओळखत नाही, ओळखायची गरजही नाही. अंकाच्या तिसऱ्या-चौथ्या पानावर जी नामावळी असते तिच्यात मुद्रितशोधक नसतो. विद्यार्थी संपादक मात्र असतो, आणि हे पत्र त्याच्यासाठी आहे. खरं तर तिच्यासाठी. छापखान्यापर्यंत येतात त्या बहुतेक मुलीच असतात, म्हणून पुढे मी 'ती'च लिहिणार आहे.

नामावळी आपल्याला पाठ असेल. मुख्य संपादक प्राचार्य, कार्यकारी संपादक मराठीचे विभागप्रमुख, मग हिंदी विभाग, इंग्रजी विभाग, असलाच तर संस्कृत किंवा उर्दू विभाग, प्रत्येकापुढे एकेका सरांचं किंवा मॅडमचं नाव, आणि सगळ्यात खाली बारीक टायपात 'विद्यार्थी प्रतिनिधी'. समितीच्या फोटोतही हाच क्रम. पुढे खुर्च्यांवर प्राध्यापक, मधोमध प्राचार्य, मागे मुलं उभी. काही अंकांत फॉर्म नंबर ४ चं निवेदन छापलेलं असतं: प्रकाशनस्थळ, मुद्रकाचं नाव, संपादकाचं नाव, राष्ट्रीयत्व. तिथे कायद्यापुढे जबाबदार माणूस म्हणून प्राध्यापकाचं नाव असावं, हे मला पटतं. पण त्याच अंकाच्या मनोगतात 'विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी काढलेला अंक' असं वाक्य येतं आणि तिथे माझं पेन थबकतं. व्याकरणाची चूक त्यात नसते.

ही मुलगी काय काय करते ते मी बघतो. वर्गावर्गांत जाऊन साहित्य मागते. वहीच्या फाडलेल्या पानांवरच्या कविता मोबाइलवर टाइप करते. कोणाचा फोटो राहिला, कोणाचा वर्ग चुकला, कोणाच्या नावात र्‍हस्व-दीर्घ उलटं पडलं, यासाठी दिवसभर फोन करते. पेनड्राइव्ह घेऊन छापखान्यात येते, ऑपरेटरच्या शेजारी स्टुलावर बसते, युनिकोडमधला मजकूर श्रीलिपीत, म्हणजे छापखान्याच्या जुन्या टंकात, उतरवताना फुटलेली जोडाक्षरं एकेक करून सांगते. संपादकाची सगळी हमाली ती करते. तिच्याकडे नसतं ते एकच काम: काय छापायचं आणि काय नाही, हे ठरवणं. ते समिती ठरवते, आणि बहुतेक वेळा समितीही ठरवत नाही, आलेलं सगळं लावून टाकते.

माझी मागणी एवढीच आहे, की निवडीचा हा अधिकार तिला द्या.

तो नसल्याने अंकाचं काय होतं ते सांगतो. 'प्रत्येक विभागातून किमान दोन लेख' असा कोटा असतो. मग वाणिज्य शाखेतून 'मोबाइल : शाप की वरदान' येतो, विज्ञान शाखेतून 'पर्यावरण आणि आपण' येतो, आणि आई, बाप, पाऊस आणि मैत्री यांच्यावर प्रत्येकी चार-चार कविता येतात. यातल्या काही कविता मी आधीच्या वर्षी दुसऱ्या कॉलेजच्या अंकात तपासलेल्या असतात, दुसऱ्याच कवीच्या नावाखाली. पूर्वी हा माल व्हॉट्सअ‍ॅपवरून यायचा. आता लेख यंत्राकडून लिहून येतात. त्यांच्यात शुद्धलेखनाच्या चुका नसतात, प्रत्येक परिच्छेद सारख्या लांबीचा असतो आणि शेवटी 'चला तर मग, आपण सारे मिळून' असतं. माझं काम सोपं झालंय. पण असे लेख वाचून झाल्यावर ते कोणी लिहिलेत हे मला सांगता येत नाही, आणि आपल्यालाही येणार नाही. तिला येतं.

एकदा एका अंकाची पानं लागत होती. विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून आलेली मुलगी पडद्यावरचा एक लेख वाचून म्हणाली, "हा असं बोलतच नाही. ह्याच्या घरी मेंढरं आहेत. कुठली मेंढी कुठल्या वाटेवर व्याली ते हा सांगत बसतो. ते लिहून आण म्हटलं तर आणेल." लेखाचं शीर्षक होतं 'डिजिटल इंडिया : एक नवी पहाट'. तिने तिथूनच सरांना फोन लावला. सर म्हणाले, राहू दे, त्या विभागाचा एकच लेख आलाय. तो लेख छापला गेला. मेंढरांचा लेख कोणी मागितलाच नाही.

त्या एका फोनमध्ये संपादनाचं सगळं शिक्षण होतं. बरोबरीच्या मुलाचं खरं काय आणि उसनं काय हे ओळखायचं, उसनं परत करायचं, खरं मागून घ्यायचं. साहित्य चोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी कॉलेजं पैसे भरतात. ही मुलगी ते फुकट करत होती, शिवाय बदल्यात काय छापता येईल तेही सांगत होती.

'साभार परत' ही आपल्या वाङ्मयातली फार जुनी चीज आहे. 'सत्यकथा' मासिकाच्या संपादकांनी, श्री. पु. भागवतांनी आणि राम पटवर्धनांनी, किती जणांचं लेखन परत केलं आणि किती जणांना पुन्हा लिहायला लावलं, याच्या आठवणी लेखक आयुष्यभर सांगत राहिले, काही कृतज्ञतेने, काही दात-ओठ खात. १९६९ साली काही तरुण लेखकांनी 'सत्यकथे'चा अंक जाळला. त्या भांडणात कोण बरोबर होतं यावर अजून वाद घालता येतो. पण दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य होती, की अंकात काय येतं आणि काय येत नाही याने फरक पडतो. आपल्या वार्षिक अंकावर कोणी रागावतसुद्धा नाही. ज्याचं छापून आलं तो स्वतःचं पान मोबाइलवर टिपून स्टेटसला ठेवतो, बस.

आता आपण म्हणाल, मुलं लहान आहेत. एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी १८४८ साली मुंबईत सभा स्थापन केली, तिच्यात निबंध वाचले जाऊ लागले, आणि १८५० मध्ये त्याच प्रवाहातून 'ज्ञानप्रसारक' हे मराठी मासिक निघालं. मराठी वैचारिक गद्य घडवणाऱ्या मासिकांत त्याचं नाव घेतलं जातं. 'केसरी' १८८१ च्या जानेवारीत सुरू झाला तेव्हा त्याचे संपादक आगरकर २४ वर्षांचे होते, आजच्या हिशेबाने नुकते एम.ए. होऊन सेट-नेटच्या तयारीला लागलेले. १९५५ च्या सुमाराला 'शब्द' हे अनियतकालिक निघालं, ते काढणाऱ्यांत अरुण कोलटकर विशीत होते आणि दिलीप चित्रे विशीतही आले नव्हते. हा अंक चक्रमुद्रित होता, म्हणजे तेव्हाचं सगळ्यात स्वस्त छापील रूप. आमच्याकडे तसा अंक आला असता तर ऑपरेटरने नाक मुरडलं असतं.

यातलं कोणीही 'प्रतिनिधी' नव्हतं.

आणि खरी अडचण वयाची नाहीच. अडचण भीतीची आहे, आणि ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. १९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या एका संघटनेच्या अंतर्गत पत्रिकेत एक मराठी कविता छापली गेली. तीही वर्गणीदारांसाठी विकायला ठेवलेली पत्रिका नव्हती, आपल्या अंकासारखी घरचीच होती. त्या कवितेच्या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयात २०१५ साली लागला. माफी मागितलेल्या प्रकाशकाला न्यायालयाने मोकळं केलं, कवीवरचा खटला चालू ठेवला. २१ वर्षं. कुठलाही प्राचार्य हे वाचून दचकेल. शिवाय आज अंक छापखान्यातून बाहेर पडण्याआधी एखाद्या पानाचा फोटो गावभर फिरतो आणि दुपारपर्यंत कोणती तरी संघटना केबिनबाहेर उभी राहते. संस्थाचालकांचा फोन येतो तो वेगळाच. हे सगळं आपल्यालाच निस्तरावं लागतं, मला किंवा त्या मुलीला नाही.

पण मग करता काय? सगळी पानं लागल्यावर, छपाईच्या प्लेटा निघायच्या आदल्या संध्याकाळी छापखान्यात फोन येतो: "अमुक पानावरची कविता काढा, तिथे वृक्षारोपणाचा फोटो लावा." कारण सांगत नाहीत. कवीला कळतं ते अंक हातात पडल्यावर, तोही पडला तर. संपादक मुलीला कळतं तेव्हा ती आमच्याकडे बघते, जणू आम्हीच काढली. आणि गंमत अशी, की त्याच अंकात पान दोनवर 'प्रसिद्ध झालेल्या मतांशी संपादक मंडळ सहमत असेलच असे नाही' हे वाक्य ठळक टायपात असतं. सहमत नसलेलं एकही मत आत नसेल तर ती ओळ कशासाठी छापायची, हे मला आजवर कळलेलं नाही.

भीती असेल तर ती टेबलावर बोला. मुलीला बोलवा, त्या कवीला बोलवा. या ओळीने कोणाची बदनामी होते का, हे नाव खऱ्या माणसाचं आहे का, हा धर्माचा उल्लेख कशासाठी आला, या शब्दाला दुसरा शब्द चालेल का, हे विचारा. तिला उत्तर देऊ द्या. त्यानंतरही वगळायचंच असेल तर वगळा, पण कारण लिहून द्या, दोन ओळींत, आपल्या सहीने. माझा अंदाज आहे की कारण लिहायला बसल्यावर निम्म्या वेळा आपल्याला ते सापडणार नाही. उरलेल्या निम्म्या वेळा मुलीलाही ते पटेल, कारण बदनामी म्हणजे काय आणि टीका म्हणजे काय यातला फरक तिला तेव्हा कळलेला असेल. पत्रकारितेच्या वर्गात हा भाग एका तासात आटपतात.

केरळात कॉलेज युनियनच्या निवडणुकीत मॅगझिनचा संपादक हे निवडून द्यायचं पद असतं. अध्यक्ष, सचिव, तसा संपादक. मुलं मतं मागतात, अंक कसा काढणार ते सांगतात. सोबत एक प्राध्यापक सल्लागार असतात. तिथे वाद झाले नाहीत असं अजिबात नाही. अंक जाळण्यापर्यंतही गोष्टी गेल्या. तरी पद्धत मोडली नाही. आपल्याकडे १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका गेल्या, २०१६ च्या कायद्याने त्या कागदावर परत आल्या, तो विषय इथे काढत नाही. संपादक निवडायला निवडणूकच हवी असंही नाही. जुलैत इच्छुकांना एकेक जुना अंक द्या, यातून काय काढाल आणि का, हे पानभर लिहून मागा. जिचं पान चांगलं, ती संपादक.

प्राध्यापकांवर मी रागावलेलो नाही, हे स्पष्ट केलेलं बरं. अंकाचं काम बहुतेक ठिकाणी मराठी विभागातल्या सर्वांत नव्या माणसाच्या गळ्यात पडतं, आणि तो बरेचदा तासिका तत्त्वावर असतो. त्याला मानधन मिळतं ते घेतलेल्या तासांचं. अंकासाठी त्याने घातलेल्या रात्री कुठल्याच बिलात बसत नाहीत. वर कोणी दुखावलं तर पुढच्या जूनमध्ये नेमणूक मिळेल की नाही ही धास्ती. असा माणूस कविता वगळेल नाही तर काय करेल? म्हणून हे पत्र त्याच्या नावे नाही, आपल्या नावे आहे. प्राचार्यांनी लेखी अधिकार दिला तर त्याचीही सुटका होईल. त्याला मग खरं शिक्षकाचं काम करता येईल. औरंगाबादला गंगाधर पानतावण्यांनी 'अस्मितादर्श' हे दलित साहित्याचं नियतकालिक चालवलं ते आठवा. मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात १९६० च्या दशकात जे वातावरण होतं त्यातून ते उभं राहिलं, आणि पहिल्यांदाच लिहिणाऱ्या किती तरी मुलांना तिथे जागा मिळाली. शिक्षकाने जागा करून दिली, पण लिहिणाऱ्यांच्या तोंडची भाषा बदलायला तो बसला नाही.

पैशाबद्दल थोडंसं. प्रवेशाच्या पावतीवर नियतकालिकाचं शुल्क वेगळं छापलेलं असतं, ते प्रत्येक विद्यार्थी भरतो. अंकात सगळ्यात महाग पानं कोणती, तर आर्ट पेपरवरची रंगीत. त्यांवर काय असतं ते आपण जाणता: संस्थापक, पदाधिकारी, उद्घाटनं, सत्कार, शाल, पुन्हा शाल. अहवाल कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीसाठी लागतात हे मान्य. मग ते वेगळ्या पुस्तिकेत छापा, चार प्रती पुरतील, किंवा पीडीएफ करून संकेतस्थळावर ठेवा. रंगीत पानं काढली तर त्या पैशात साध्या कागदाचे किती फर्मे, म्हणजे एकदम छापल्या जाणाऱ्या पानांचे संच, वाढतात, हे छापखान्याला विचारा. सांगायला आम्हाला आनंदच होईल. मुलांनी भरलेल्या शुल्काचा हिशेब मुलांच्या संपादक मंडळाला दाखवायला काय हरकत आहे, हेही एकदा सांगा.

चित्रांचं तर विचारूच नका. मुखपृष्ठावर उगवता सूर्य, उघडं पुस्तक, त्यातून उडणारे पक्षी आणि एक पेन, हे इंटरनेटवरून उतरवलेलं मिश्रण मी इतक्या वेळा पाहिलंय की आता ते नसलं तर चुकल्यासारखं वाटतं. वर्गात एक तरी मूल असं असतं जे शेवटच्या बाकावर बसून सरांची चित्रं काढतं. त्याला बोलवा. काळ्या शाईतलं रेखाचित्र किंवा लिनोकट छापायला जास्तीचा एक रुपया लागत नाही, आणि साध्या कागदावर ते रंगीत फोटोपेक्षा चांगलं उठतं. हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो.

वेळापत्रकाचंही तसंच. सत्र पद्धत आल्यापासून ऑक्टोबर-नोव्हेंबरात परीक्षा, मार्च-एप्रिलात परीक्षा. साहित्य मागवण्याची सूचना लागते डिसेंबरात, अंक छापून होतो तेव्हा तिसऱ्या वर्षाची मुलं दाखले घेऊन गेलेली असतात. ज्यांनी लिहिलं त्यांच्यापर्यंत अंक पोचत नाही आणि गठ्ठे ग्रंथालयाच्या माळ्यावर जातात. जाडजूड एका अंकाऐवजी दोन बारके अंक काढा, एक दिवाळीआधी, एक फेब्रुवारीत. मधल्या महिन्यांत भित्तिपत्रक चालवा. संपादक मंडळाचा हात तिथे बसतो आणि चूक झाली तर टाचणी काढून कागद बदलता येतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्याकडे जो आराखडा लागू झालाय त्यात सहअभ्यासक्रमाला क्रेडिट आहेत, एनएसएस, एनसीसी, खेळ, सांस्कृतिक उपक्रम, कला यांना. क्षेत्रीय प्रकल्प आहे, प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आहे. वर्षभर अंक काढणाऱ्या मुलीचं काम यातल्या एकाही रकान्यात बसत नसेल तर बसवा. अभ्यास मंडळांवर आपणच आहात.

आणि प्रुफं वाचायला शिकवा. एक दुपार पुरते. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम अठराच आहेत, १४ नियम १९६२ चे आणि ४ नंतरचे, १९७२ चे. मुलांना न्यायला जागा नसेल तर आमच्याकडे पाठवा, चहा आम्ही देऊ.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि शिवाजी विद्यापीठ वार्षिक नियतकालिकांच्या स्पर्धा घेतात. त्यांच्या विद्यार्थी विकास विभागांनाही या पत्राची प्रत समजावी. परीक्षकांसमोर अंकाबरोबर संपादक मंडळाची वही ठेवायला सांगा: काय आलं, काय परत केलं, का केलं, कोणाला पुन्हा लिहायला लावलं, पहिला खर्डा कसा होता आणि छापलेला कसा झाला. ज्या अंकाची अशी वही नाही, तो कितीही गुळगुळीत असला तरी त्याला पहिला क्रमांक देऊ नका. एका वर्षात चित्र पालटेल, कारण स्पर्धेची ढाल सगळ्यांनाच हवी असते.

जुलैत नियतकालिक समितीची पहिली बैठक होईल. तिच्या नोटिशीवर प्राचार्यांबरोबर विद्यार्थी संपादकाचीही सही असावी, आणि इतिवृत्तात पहिला ठराव असा असावा: साहित्याची निवड विद्यार्थी संपादक मंडळ करेल, सल्लागार प्राध्यापकांना काही वगळावंसं वाटलं तर ते लेखी कारण देतील, ते कारण लेखकाला कळवलं जाईल. ठरावाचा मसुदा मी फुकट तपासून देतो.

कळावे,

आपला,
एक मुद्रितशोधक